डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह (२०१५): मागची चाकं कधी ओढतात, कधी नाही. कपलिंग बदलण्याआधी काय तपासायचं?

घाटवाट
गाडी रेनो डस्टर १.५ डीसीआय, ११० पीएस, ऑल व्हील ड्राइव्ह, २०१५ ची. रनिंग १ लाख १८ हजार. टायर मूळ मापाचेच, २१५/६५ आर १६. पुढचे दोन नवे, मागचे जुने पण चालण्याजोगे.

लक्षणं अशी. हायवेला तासभर सरळ चाललं की ऑटो मोडमध्ये (गरज पडली की मागची चाकं आपोआप जोडणारा) असतानाही टू-डब्ल्यूडीचा (फक्त पुढची चाकं ओढतात तो मोड) दिवा लुकलुकायला लागतो. गाडी बंद करून परत चालू केली की जातो. दुसरं म्हणजे गाडी धुतल्यावर किंवा ओढ्याच्या पाण्यातून काढल्यावर, खडबडीत रस्त्यावर लॉक मोड (मागची चाकं जोडून ठेवणारा) लावूनही मागची चाकं ओढत नाहीत. पुढची जागेवर फिरतात. थोडं पुढे गेलं की आपोआप सुरळीत. एबीएसचा दिवा एकदाही लागलेला नाही. बॅटरी नवी आहे.

गॅरेजवाले गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून देतात, काही दिवसांनी तो परत येतो. आता ते म्हणतात मागचं कपलिंगच (मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग) बदला. खर्च मोठा आहे. आधी काय पाहू?

गिअरतेल
कपलिंगला एवढ्यात हात लावू नका. खरंच जळालेलं कपलिंग पाऊस, धक्के आणि हायवे बघून वागत नाही. ते गेलं की गेलं.

डस्टरमध्ये पुढून येणारा प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा दांडा) कायम फिरत असतो. मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) तोंडाशी निसानच्या पद्धतीचं इलेक्ट्रोमॅग्नेटिक कपलिंग आहे. कॉइलला जेवढा करंट मिळेल तेवढ्या जोरात आतल्या क्लचप्लेटा दाबल्या जातात आणि तेवढीच ताकद मागच्या चाकांना जाते. करंट किती द्यायचा हे कंट्रोल युनिट ठरवतं, आणि चाकांचे वेग त्याला एबीएसच्या सेन्सरांकडून कळतात.

तुमच्या दोन तक्रारींची कारणं मला वेगवेगळी वाटतात. हायवेवाली टायरची आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. मागच्यांची ३ मिमी उरली असेल तर व्यासात १० मिमी आणि परिघात ३१ मिमी फरक पडतो, म्हणजे जवळपास दीड टक्का. दर किलोमीटरला मागची चाकं पुढच्यांपेक्षा सुमारे ७ फेरे जास्त मारतात. युनिटला वाटतं चाकं सतत घसरतायत. प्लेटा घासून तापू नयेत म्हणून ते स्वतःच मागची ताकद तोडतं. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. गॅरेजात कोड पुसला तरी टायर तेच राहतात, म्हणून तो परत येतो.

मोजायला सोपं आहे. चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करा, टायर गार असताना. सपाट जागेवर टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, गाडी ढकलत चाकाचे बरोबर ५ फेरे होऊ द्या आणि अंतर टेपने मोजा. पुढचं एक, मागचं एक. आकडे इथे टाका.

ओहमवाला
टायरबद्दल गिअरतेल यांच्याशी सहमत. पाणी आणि धक्क्यांवर येणारी दुसरी तक्रार मात्र वायरिंगची आहे. कपलिंगचा जोड गाडीखाली उघड्यावर असतो, चिखल थेट तिथेच उडतो.

इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून कपलिंगचा कनेक्टर सोडवा. कॉइलच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजा. गार असताना अडीच ओहमच्या आसपास हवा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल (बहुतेक ०.२ ते ०.४) तो वजा करायला विसरू नका, इतक्या छोट्या मापात त्यानेच घोळ होतो. गाडी चालवून आल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, तेव्हा गरम कॉइल ३ ओहमच्या जवळ दाखवत असेल तरी ती चांगलीच आहे. नुसत्या या आकड्यावर कपलिंग बाद करतात ते चूक आहे.

मग कनेक्टर परत जोडा आणि कंट्रोल युनिटच्या बाजूने त्याच दोन तारांवर मोजा. हा आकडा कॉइलपेक्षा अर्ध्या ओहमने जरी जास्त आला तरी दोष वाटेत आहे. अडीच ओहमच्या कॉइलला साडेबारा व्होल्टवर ५ अँपियर मिळतात. वाटेत एक ओहम वाढला की साडेतीनच. प्लेटा अर्धवट दाबल्या जातात आणि चढावर गाडी मार खाते.

पण मीटर अगदी थोड्या करंटवर मोजतो. दहापैकी एकच धागा उरलेली तारही त्याला ठणठणीत दिसते. म्हणून बल्बची चाचणी करा. आधी कंट्रोल युनिटचा आणि कपलिंगचा, दोन्ही कनेक्टर काढा, नाहीतर बॅटरीचा करंट युनिटमध्ये घुसेल. युनिटच्या टोकाला १० अँपियरच्या फ्यूजमधून एका तारेला बॅटरीचा पॉझिटिव्ह द्या, दुसरी निगेटिव्हला. कपलिंगच्या टोकाला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपियर खेचतो, जवळपास कॉइलइतकाच. आता एकाने वायरिंग जागोजागी हलवायचं, दुसऱ्याने बल्ब बघायचा. जिथे मंद होईल तिथे दोष.

मीटरची जाड पिन कनेक्टरच्या मादी पिनेत खुपसू नका. ती फाकते आणि नवीनच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. मागच्या बाजूने, तारेलगत बारीक टाचणी सरकवून मोजा.

सह्यरस्ता
चाकांचे सेन्सरही एकदा बघून घ्या, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) मिळाला तर दहा मिनिटांचं काम. लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग लावून ४० ला सरळ चालवा आणि हळूहळू थांबवा. एखादा आकडा मध्येच शून्यावर जात असेल तर त्या चाकाचा सेन्सर, त्याची तार किंवा बेअरिंगमधला खेळ. एबीएसचा दिवा लागत नाही म्हणता, त्यामुळे शक्यता कमी.

कपलिंग पकडतंय का हे गाडी न उचलता कळतं. कोरड्या काँक्रीटवर लॉक लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि माणसाच्या चालीने दहाएक मीटर फिरवा. पकडत असेल तर गाडी अडखळते, टायर घासल्याचं जाणवतं. टू-डब्ल्यूडीमध्ये तीच गाडी मोकळी फिरते. दोन्हीत फरक नसेल तर त्या क्षणी मागे ताकद जात नाही. एकदोनदाच करा, उगाच ताण देऊ नका. आणि कृपा करून फक्त पुढची चाकं जॅकवर घेऊन गिअर टाकू नका. मागची चाकं पकडली तर गाडी जॅकवरून उडी मारते.

घाटवाट
मापं घेतली. ५ फेऱ्यांत पुढचं चाक १०.४७ मीटर, मागचं १०.३३. नक्षी पुढे ८ मिमी, मागे साडेतीन.

कॉइल गार असताना २.६ ओहम. युनिटच्या टोकाकडून ३.९. कनेक्टरची एक पिन हिरवी पडली आहे. बल्ब मुळातच मंद लागला, आणि कनेक्टरच्या अलीकडे, क्लिपपाशी तार हलवली की विझण्याच्या बेतात येतो. चारही सेन्सर बरोबर. पिन घासून साफ केली तर भागेल का? आणि पुढचे-मागचे टायर अदलाबदल केले तर?

ओहमवाला
घासून भागणार नाही. पाणी पिनेतून तारेच्या आत चढतं आणि तांबं काळं पडतं. आवरण सोलत मागे जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. क्लिपजवळचा तुटका भागही त्यातच काढून टाका. त्याच जाडीची नवी तार क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) जोडा, वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी. सांधा जिथे तार वाकत नाही अशा ठिकाणी घ्या. दोन्ही पिना नव्या बसवा, कनेक्टरच्या रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, त्यात पाणी अडकून बसतं. तार कनेक्टरच्या थोडी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी आत न जाता झोळीतून खाली गळेल. मग परत मोजा: दोन्ही टोकांच्या आकड्यांत ०.१ ते ०.२ पेक्षा जास्त फरक नको.

गिअरतेल
१४ सेंटिमीटर म्हणजे १.३ टक्के. अदलाबदलीने फरक तसाच राहतो, फक्त उलटा होतो. मागे दोन नवे घ्या, पुढच्यांच्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे, कारण बाजूला २१५/६५ लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा परीघ सारखा नसतो. ते मिळेपर्यंत डांबरी रस्त्यावर नॉब टू-डब्ल्यूडीवर ठेवा. यापुढे दर ८ ते १० हजार किमीला पुढचे-मागचे फिरवत जा. या गाडीत पुढचे आधी झिजतात, आणि एकदा दोनच बदलले की हेच चक्र परत सुरू होतं.

लांब चिखल असेल तर अडकायच्या आधीच लॉक लावा. ऑटोमध्ये प्लेटा अर्धवट घसरत राहतात आणि लवकर तापतात. अशा वेळी दिवा लुकलुकला तर इंजिन चालू ठेवून काही मिनिटं थांबा, गार झालं की पकडतं. रिपेअरनंतर कोड पुसा, सह्यरस्ता यांची वळणाची चाचणी घ्या आणि मगच घाटात न्या. वायरिंग आणि टायर दोन्ही नीट असूनही लॉकमध्ये वळताना गाडी मोकळीच फिरली, तर तेव्हा कपलिंग उघडायचं.