शब्दचर्चा: १७७८ चा 'कोमेर्सिओ लिब्रे' म्हणजे मुक्त व्यापार का?

प्रश्न: स्पेनच्या बोर्बोन राजांच्या सुधारणांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिसऱ्या कार्लोसच्या १७७८ च्या नियमावलीतल्या 'कोमेर्सिओ लिब्रे'ला 'मुक्त व्यापार' लिहिलं, पण खटकतंय. शिवाय 'इंतेंदेंते' या अधिकाऱ्याला 'कमाविसदार' चालेल का?

उत्तर: खटकतंय ते योग्यच. 'मुक्त व्यापार' म्हटलं की कोणत्याही देशाशी, जकातीची आडकाठी नसलेला व्यापार डोळ्यांसमोर येतो. इथे तसं काहीच नव्हतं. आधी स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींचा व्यापार सेव्हिल या स्पेनमधल्या बंदराच्या आणि १७१७ नंतर तिथल्याच कादिसच्या मुठीत होता. ब्युनोस आयरेस अटलांटिकच्या बाजूला, तरी कितीतरी काळ तिथला अधिकृत माल पनामाच्या पोर्तोबेलोला उतरायचा, मग लिमा आणि तिथून अँडीज ओलांडून खुष्कीच्या वाटेने यायचा. भाव असे चढल्यावर चोरटा व्यापार बोकाळणारच! १७७८ मध्ये स्पेनमधली बरीच बंदरं अमेरिकेतल्या बंदरांशी थेट व्यापाराला मोकळी झाली. परदेशी जहाजांना मज्जाव मात्र कायम राहिला, जकातही राहिली. मेक्सिको आणि व्हेनेझुएला यांना तर ही मोकळीक १७८९ मध्ये मिळाली. मी 'साम्राज्यांतर्गत खुला व्यापार' लिहीन. लांबलचक आहे खरं, पण एकदा पूर्ण लिहिलं की पुढे नुसतं 'खुला व्यापार' पुरतं.

दुसरं उत्तर: 'कमाविसदार' नको. त्याने फक्त महसूलच मनात येतो. इंतेंदेंतेकडे न्याय, मुलकी कारभार, खजिना आणि लष्करी व्यवस्था असं सगळं होतं. ही पद्धत फ्रान्सची. क्युबात १७६४ साली आणि मेक्सिकोत १७८६ साली ती लागू झाली. मूळ शब्दच ठेवून पहिल्या वेळी खुलासा द्यावा.

माझा खरा आक्षेप 'सुधारणा'वर आहे. मराठीत सुधारणा म्हणजे लोकांचं भलं. पेरूत याच धोरणाखाली अल्काबाला हा विक्रीकर १७७६ मध्ये ६ टक्क्यांवर नेला, ठिकठिकाणी जकातनाकी बसवली, आणि १७८० मध्ये दुसरा तुपाक आमारू या स्थानिक इंडियन पुढाऱ्याचं बंड पेटलं. त्यामागे आणखीही कारणं होती, पण हे ओझं मोठं होतं. तिथल्या माणसाच्या दृष्टीने ही माद्रिदने आवळलेली पकड होती. शीर्षकात रूढ शब्द ठेवा, मजकुरात 'फेररचना' लिहा.

प्रश्नकर्ती: पटलं, तसंच करते. आणि 'बोर्बोन' की 'बूर्बाँ'?

उत्तर: स्पेनचा पहिला बोर्बोन राजा पाचवा फेलिपे हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू, त्यामुळे घराणं एकच. फ्रान्सबद्दल लिहिताना बूर्बाँ, स्पेनबद्दल बोर्बोन.