मदत हवी आहे: ट्रॅपमधून जाणारी वाफ रुपयांत कशी मांडू? सोमवारपर्यंत हवंय

ड्रायरपाळी
पेपर मिलमध्ये ड्रायरवर आहे. स्टीम ट्रॅप (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडून वाफ आत अडवणारे व्हॉल्व्ह) गळतायत हे तीन महिने सांगतोय. आता साहेब म्हणतात, किती पैसे जातात ते लिहून आण. फॉर्म्युला द्या. सोलर वगैरे नको.

वाशिष्ठीकाठ
कसली मशीन? प्रेशर किती? ट्रॅप कुठला? वाफ दिसते तरी कुठे?

ड्रायरपाळी
क्राफ्टची, म्हणजे पॅकिंगच्या खाकी कागदाची मशीन, महाडजवळ. 3 किलो प्रेशर, फ्लोट ट्रॅप. कागद वाळवणाऱ्या तिसऱ्या सिलिंडरच्या ट्रॅपच्या पाइपच्या तोंडाशी चार बोटं काहीच दिसत नाही, मग सरळ पांढरा झोत गटारात.

फेल्टबदल
ट्रॅप सोडा, ड्रायरच्या आधी कागद पिळणारी प्रेस बघा. कागद प्रेसमधून 1 टक्का जास्त कोरडा निघाला की ड्रायरची वाफ साधारण 4 टक्के वाचते. प्रेसमधला फेल्ट (पाणी शोषणारं जाड कापड) कधी बदललाय?

वाशिष्ठीकाठ
फेल्ट बदलणं ऑपरेटरच्या हातात असतं का? त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या की. आणि गटारात का? कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, बॉयलरला परत नाही घेत?

ड्रायरपाळी
रिटर्नची लाइन दोन वर्षांपूर्वी सडली, तेव्हापासून गटारातच.

काजूबी
बॉयलरला काजूची टरफलं जाळा. इकडे रत्नागिरीत हवी तेवढी मिळतील.

फेल्टबदल
टरफलात तेल असतं, ट्यूबवर चिकट काजळी धरते. साफ कोण करणार?

खोपोली_निवृत्त
लाइन सडली हे आधी सांगायचं होतंत. पाइपचं तोंड उघडंच आहे तर तिथेच मोजता येईल. बादली घ्या. 30 किलो पाणी, वजनकाटा, थर्मामीटर. पाइपला होज लावून दोन मिनिटं पाण्यात सोडा. हातमोजे घाला, तोंड लांब ठेवा. तुमच्या प्रेशरला वजनातल्या 1 किलो वाढीमागे पाणी 4 अंश तापलं तर नुसतं कंडेन्सेट, 20 च्या आसपास तापलं तर सगळी जिवंत वाफ, म्हणजे पाणी न होता तशीच निसटलेली. मधलं आलं तर त्या प्रमाणात. एक किलो कोळशामागे किती वाफ पडते ते बॉयलरच्या लॉगबुकात असेल, त्यावरून रुपये काढा. आणि नुसतं कंडेन्सेट निघालं तरी गप्प बसू नका: ते बॉयलरला परत घ्या, फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) 6 अंश जास्त गरम आत गेलं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं.

लोटेकर
तुमच्याकडे बॉयलर अटेंडन्टची जागा आहे का? भाच्याकडे सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आहे.

वाशिष्ठीकाठ
साहेबांना हिशेबाचा कागद देताना तारीख घाला आणि पोच घ्या.

ड्रायरपाळी
पोच घेणारच. गेल्या वर्षी पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावायचं मी सुचवलं, बोर्डावर नाव सुपरवायझरचं लागलं. फार लागलंय ते मनाला.
रात्रपाळीत बादली लावली. वजन दीड किलो वाढलं, पाणी 30 वरून 44 अंशांवर. हिशेब तपासता का कुणी?

खोपोली_निवृत्त
दीड किलोतली साधारण 35 टक्के जिवंत वाफ. म्हणजे तासाला 16 किलोच्या आसपास, एका ट्रॅपमधून. असे किती आहेत?

ड्रायरपाळी
झोत दिसतो असे पाच. उरलेले चार आज रात्री मोजतो, काका.