परवाना कुणी द्यायचा?

‘राज्यांनी परवाने दिले असते तर फँटसी क्रिकेटवर बंदीची वेळच आली नसती,’ हे मत मला अर्धेच पटते. (फँटसी क्रिकेट म्हणजे खऱ्या सामन्यातील खेळाडूंचा आपला संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा ऑनलाइन खेळ.) नागालँडने 2016 मध्येच कौशल्याच्या ऑनलाइन खेळांसाठी परवान्याचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत फँटसी लीगही घातली. परंतु ‘जुगार व पैजा’ हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय असल्याने एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यावर बंधनकारक नव्हता. आपल्याकडे महाराष्ट्रात तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातील निव्वळ कौशल्याच्या खेळांना दिलेली सूट आणि फँटसी खेळ कौशल्याचा मानणारा मुंबई उच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल यांवरच सारे चालले होते. अकरा खेळाडू आणि त्यांतला दुप्पट गुण मिळणारा कर्णधार निवडण्यात अभ्यास लागतो, हे मान्य. (नाणेफेकीनंतर घाईघाईने संघ बदलणाऱ्यांना विचारा!) मात्र कौशल्य असले म्हणून प्रवेश शुल्काची मर्यादा, वयाची पडताळणी आणि ग्राहकांच्या ठेवी वेगळ्या ठेवण्याचे बंधन आपोआप येत नाही, ते परवान्याच्या अटींतूनच येते. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच निरर्थक ठरवला.