कैगा, काळी नदी आणि विहिरीचं पाणी: घरच्या मीटरने रेडिएशन कळतं का?

काळीकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं आजोळ काळी नदीच्या काठी, कद्रा धरणाच्या खालच्या अंगाला. वरती कर्नाटकातल्या कैगाचा अणुप्रकल्प, २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या, आणि त्यांना पाणी कद्राच्याच जलाशयातलं. मामाकडे अजून विहिरीचं पाणी पितात. आता घरात तान्हं बाळ आहे त्यामुळे मामी मागे लागलीये की एकदा पाणी तपासून घ्या. मामेभाऊ म्हणतो ऑनलाइन रेडिएशन मोजायचा गायगर मीटर मिळतो, तो पाण्याच्या भांड्यावर धरला की झालं. एवढ्याने खरंच कळतं का? २००९ ला कैगात वॉटर कूलरमध्ये ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) सापडलं होतं ते कोणी विसरलेलं नाही, म्हणून धाकधूक आहे.

नमुना_बाटली:
मीटर घेऊ नका, ते पैसे टेस्टला ठेवा. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. कैगाच्या भट्ट्या जड पाण्याच्या, आणि जड पाण्यातल्या ड्युटेरियमने (म्हणजे जड हायड्रोजनने) न्यूट्रॉन गिळला की ट्रिशियम तयार होतं, त्यामुळे अशा ठिकाणी पाण्यात आधी तेच शोधायचं. त्यातून निघणारा बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) इतका कमजोर की हवेत फार तर सहा मिलिमीटर जातो आणि पाण्यात मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा नाही, म्हणजे मीटरच्या नळीत तो शिरतच नाही. मीटर गप्प राहणार आणि घरातले निर्धास्त होणार, मला भीती वाटते ती याचीच.

लॅबमध्ये पाणी आधी डिस्टिल करतात, मग छोट्या कुपीत सिंटिलेटर द्रवात (किरण लागला की चमकणाऱ्या) मिसळून काउंटरच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवतात आणि त्यात उमटणाऱ्या बारीक चमका तासन्‌तास मोजत बसतात.

आणि एक गोष्ट नक्की बघा. रेडिओअॅक्टिव्हिटी टेस्ट म्हणून बऱ्याचदा ग्रॉस अल्फा-बीटाच, म्हणजे सगळ्या अल्फा आणि बीटा किरणांची एकत्रित मोजणी, करून मिळते. त्यात पाणी आटवून तळाला राहिलेला क्षार मोजतात, आणि ट्रिशियम तर पाण्याच्या रेणूतच असतं, ते वाफेबरोबर केव्हाच उडून गेलेलं असतं! आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात अल्फा ०.१ आणि बीटा १ बेकरेल प्रति लिटर (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) अशी मर्यादा आहे, रिपोर्ट त्यात बसेल पण ट्रिशियमबद्दल त्यातून काहीच कळणार नाही. उलट पाण्यात पोटॅशियम जास्त असेल तर नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे बीटा फुगलेला दिसतो, तो वजा केलाय का तेही विचारा.

मालवा_मुक्काम:
मी नोकरीनिमित्त पंजाबात भटिंड्याला असतो. इथे बोअरच्या पाण्यात युरेनियम सापडतं आणि ते कुठल्या भट्टीतून नाही, जमिनीतल्या खडक-मातीतूनच उतरतं. त्याचा त्रास रेडिएशनपेक्षा किडनीला जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आपल्या मानकातही आता तीच. त्यामुळे काळीकाठ, फक्त प्रकल्पाकडे बोट दाखवून थांबू नका, विहिरीचं युरेनियमही बघून घ्या. ते आरओने बऱ्यापैकी निघतं. ट्रिशियम मात्र आरओने निघत नाही की उकळून जात नाही, हे मामींना सांगा म्हणजे उगाच गॅस जाळत बसणार नाहीत.

सह्याद्री_घाट:
२००९ चं प्रकरण प्रकल्पाच्या आतलं होतं, नदीचं नाही. कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिशियम वाढलेलं दिसलं आणि शोध घेत कूलरपर्यंत पोचले, कोणीतरी मुद्दाम मिसळलं असं तेव्हा सांगितलं गेलं. मुद्दा असा की नियमित तपासणी चालू होती म्हणूनच ते पकडलं गेलं.

काळीकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. मग आकडा किती आला की घाबरायचं? आणि बाटली कशी भरायची?

नमुना_बाटली:
ट्रिशियमला जागतिक आरोग्य संघटना लिटरला १०,००० बेकरेल म्हणते, कॅनडा ७,०००, अमेरिका ७४०, युरोपियन युनियन १००. गोंधळू नका, युरोपचा १०० म्हणजे धोक्याची रेघ नाही, त्याच्या वर गेलं की कुठून आलं ते शोधा असा त्याचा अर्थ. तुम्हीही तसंच वापरा.

दोन बाटल्या भरा. युरेनियमच्या बाटलीत लॅबवाले थोडं नायट्रिक अॅसिड घालायला सांगतील, नाहीतर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटून आकडा कमी येतो. ट्रिशियमच्या बाटलीत काहीही घालायचं नाही, तोंडापर्यंत भरा आणि बूच घट्ट लावा. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, एकाच नमुन्यावर विश्वास टाकू नका.

आणि प्रत्येक प्रकल्पाजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते, भट्टी सुरू व्हायच्या आधीपासून तिथे पाणी, गाळ, मासे, दूध, भाजी यांचे नमुने घेतात. गाळ बघतात कारण सीझियम (भट्टीत तयार होणारं आणखी एक किरणोत्सारी द्रव्य) पाण्यात फार राहत नाही, चिकणमातीला धरून तळाशी बसतं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि कद्राच्या खालच्या पाण्याचे गेल्या दहा वर्षांचे ट्रिशियमचे आकडे मागा, सरासरी नको, नमुन्यागणिक आणि तारखेसकट.