बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हिरड्यांतून रक्त येतंय, बंद करू का?

घोडबंदर_रोड: बाबा ७८ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही, २०१८ ला स्टेंट टाकलाय. मागच्या वर्षी ठोके अनियमित लागले म्हणून ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन निघालं, तेव्हापासून एपिक्साबॅन ५ सकाळ-संध्याकाळ आणि जुनी इकोस्प्रिन ७५ (अ‍ॅस्पिरिन) पण चालूच. आता ब्रश करताना रक्त येतं, हाताला जरा कुठे लागलं की काळानिळा डाग, परवा बाथरूममध्ये पाय घसरला, नशिबाने काही लागलं नाही. काका म्हणतात ही महागडी गोळी बंद करा, इकोस्प्रिन पुरे. आई इतकी घाबरलीय की संध्याकाळची गोळी द्यायलाच नको म्हणते. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर काय करू?

नेरुळची_फार्मासिस्ट: दादा, संध्याकाळची गोळी अजिबात चुकवू नका, तिचा असर बारा तासांत ओसरायला लागतो म्हणूनच ती दोनदा असते. ह्या आजारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, मग तिथे रक्त साचून गुठळी होते आणि सुटली की थेट मेंदूत जाऊ शकते. ही गुठळी अडवायला इकोस्प्रिन फार कमी पडते. २०११ च्या अ‍ॅव्हेरोज अभ्यासात दोन्ही औषधं समोरासमोर तपासली, एपिक्साबॅनवर स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच. बाबांचा स्ट्रोकच्या धोक्याचा स्कोअर बघा, पंच्याहत्तरीपुढचं वय २, बीपी १, शुगर १, म्हणजे चार झालेच, पुरुषांमध्ये दोनलाच गोळी सुरू करतात.
रक्त येतंय ते दुर्लक्ष करण्यासारखं नाहीच, पण आधी बाकीची कारणं शोधा. वजन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती? दुखण्यावर काही घेतात का?

घोडबंदर_रोड: वजन ६६, क्रिएटिनिन १.२. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेतात, खालच्या मेडिकलमधून स्वतःच आणतात, आठवड्यातून तीन-चारदा तरी.

नेरुळची_फार्मासिस्ट: हेच विचारत होते!! एपिक्साबॅन, इकोस्प्रिन आणि वर डायक्लोफेनॅक, मग रक्त येणारच हो. डायक्लोफेनॅक आजच थांबवा, गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का ते फोनवर विचारून घ्या. डोस मात्र बरोबर वाटतो, वय ८० किंवा पुढे, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, ह्यातल्या दोन गोष्टी असतील तरच अडीचची गोळी देतात. घरच्या घरी अर्धी करू नका. आणि स्टेंटला एक वर्ष उलटून गेल्यावर इकोस्प्रिन अजून लागते का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. जपानच्या २०१९ च्या अफायर अभ्यासात अशा पेशंटमध्ये एकटी रिव्हॉरॉक्साबॅन (एपिक्साबॅनच्याच जातीची गोळी) दिली तेव्हा रक्तस्राव कमी झाला आणि संरक्षण कमी पडलं नाही. पण इकोस्प्रिनही स्वतःहून बंद करायची नाही.

ऐरोली_से_८: आमच्या सासऱ्यांनी दाढ काढायची म्हणून कुणाला न विचारता गोळी सोडली, पुन्हा सुरू केलीच नाही. एका सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं पूर्ण बोबडं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते वेळेत मिळालं म्हणून आज काठी घेऊन चालतात तरी. काकांना हे वाचून दाखवा.

कळवा_पूर्व: पडायची भीती आम्हालाही होती. आईला हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह (कृत्रिम झडप) आहे म्हणून एसिट्रोम, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी), तिला ही नवी औषधं चालतच नाहीत, म्हणून आमचं उदाहरण जसंच्या तसं घेऊ नका. पडण्याबद्दल १९९९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता, वॉरफरिन (एसिट्रोमसारखीच जुनी गोळी) घेणारा माणूस वर्षात २९५ वेळा पडला तरच तोटा फायद्यापेक्षा जास्त. पण डोकं आपटलं तर वरून काही दिसो न दिसो, लगेच सीटी स्कॅन. आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या.

घोडबंदर_रोड: क्लिनिकला फोन केला, एपिक्साबॅन चालू ठेवायला सांगितली, डायक्लोफेनॅक बंद, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन करून मंगळवारीच या म्हणाले, इकोस्प्रिनचं तेव्हा ठरवतील. शौचाला काळं झालं किंवा नाकातलं रक्त थांबेना तर वाट न बघता कॅज्युअल्टीत आणा म्हणाले. आईला समजावलंय, संध्याकाळची गोळी आता मीच देतो.