सरकारी कर्मचारी, वाटाघाटीचा हक्क आणि लवाद

दप्तरी

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. त्यानंतरची सगळी वादावादी 'पेन्शन परवडते का' याभोवती फिरत राहिली. मला त्याच्या आधीचा प्रश्न मोठा वाटतो. ती पेन्शन बंद करताना कर्मचाऱ्यांशी बोलायला कोणी बांधील होतं का?

नव्हतं. ३१ ऑक्टोबर २००५ ला शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून सेवेत येणाऱ्या प्रत्येकाला परिभाषित अंशदान योजना लागू झाली. शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी गेली, पगारातून १० टक्के कपात आली. राज्यघटनेच्या कलम ३०९ खाली सेवाशर्ती सरकारच ठरवतं, त्यामुळे ते कायदेशीरच होतं.

दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा. संघटना काढता येते, निवेदन देता येतं. निदर्शनांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केला, पण त्याच निकालात संपाचा हक्क नाकारला. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ६ संपाला मनाई करतो. तमिळनाडू सरकारने २००३ च्या संपात सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी एका फटक्यात बडतर्फ केले. तेव्हा रंगराजन खटल्यात न्यायालयाने संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कोणताच हक्क नसल्याचं सांगितलं. बहुतेकांना कामावर परत घेतलं गेलं, पण बिनशर्त माफी आणि पुन्हा असं करणार नाही अशी हमी लिहून घेऊन.

म्हणून आपल्याकडे प्रत्येक संप एकाच वाटेने जातो. नोटीस जाते, उत्तर येत नाही. संपाच्या तोंडावर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा, लागतो आणि 'काम नाही, वेतन नाही'चं परिपत्रक निघतं. रोज सकाळी प्रत्येक कार्यालयाकडून विहित नमुन्यात आकडे मागवले जातात: मंजूर पदं, हजर, पूर्वपरवानगीने रजेवर, संपात सहभागी. चार-सहा दिवसांनी मुख्यमंत्र्यांकडे बैठक होते, समिती नेमली जाते, संप मागे घेतला जातो. लगेच नवी मागणी उभी राहते, संपाचा काळ कोणत्या रजेत धरायचा? मूळ मागणी समितीकडे आणि संघटना रजेच्या मागे, असं होऊन बसतं.

माझं म्हणणं असं. कायद्याने सरकारला चर्चेला बांधील करा, ९० दिवसांची मुदत घाला आणि तेवढ्यात तोडगा निघाला नाही तर प्रश्न लवादाकडे जाऊ द्या. त्या बदल्यात रुग्णालयं, पाणीपुरवठा आणि अग्निशमन या सेवांनी संप सोडावा. पोलिसांवर १९६६ च्या कायद्याने बंधन आहेच.

रोखपाल

निदान पटले, औषध पटत नाही.

खासगी कारखान्यात वाटाघाटीला नैसर्गिक मर्यादा असते. फार ताणले तर कंपनी बुडेल हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. सरकार बुडत नाही, त्याला स्पर्धक नाही आणि टेबलावर बसलेला मंत्री स्वतःच्या खिशातून देत नाही. पगारवाढीचा बोजा त्याच्याच अर्थसंकल्पात दिसतो, म्हणून ती देताना तो दहादा विचार करतो. पेन्शनचे वचन देताना तो एवढा विचार करत नाही, कारण ते बिल तीस वर्षांनी दुसऱ्याच्या कारकिर्दीत येते. वाटाघाटीच्या टेबलावर पगार अडला की पेन्शन वाढवून करार उरकायचा, ही पळवाट अनेक देशांत वापरली गेली आहे.

दुसरे, राज्याच्या संचित निधीतून पैसा काढायला विधिमंडळाची मंजुरी लागते. कोणालाही उत्तरदायी नसलेला लवाद उद्या काही हजार कोटींचा निवाडा देईल आणि आमदारांनी फक्त हात वर करायचे, हे मला मान्य नाही.

तिसरे, एसटीचे उदाहरण. एसटी कर्मचाऱ्यांना औद्योगिक कायदे लागू आहेत. मान्यताप्राप्त संघटना होती, दर चार वर्षांनी वेतन करार करण्याची पद्धत होती. म्हणजे तुम्ही मागता ते बरेचसे त्यांच्याकडे होतेच. तरीही ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत गाड्या बंद राहिल्या. मागणी कोणती? राज्य शासनात विलीनीकरण! वाटाघाटीचा हक्क असलेले कामगार तो हक्क सोडून कलम ३०९ खाली जायला तयार होते, कारण पलीकडे पगार कोषागारातून ठरल्या तारखेला होतो. महामंडळाच्या तिजोरीत पैसा नसेल तर कराराचा कागद पोट भरत नाही, एवढेच त्यातून दिसते.

सह्यवारा

रोखपाल, लवादाबद्दलच्या तुमच्या शंकेला केंद्रात १९६६ पासून उत्तर आहे. १९६० च्या संपानंतर संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे जेसीएम, उभी राहिली. ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात काय बरोबर आहे आणि काय अडतं हे दोन्ही स्पष्ट दिसतं.

तीन थर आहेत. वर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय परिषद, मग खात्यांच्या परिषदा, खाली कार्यालयीन. दोन बाजू बसतात, शासकीय आणि कर्मचारी. एकमत झालं नाही तर इतिवृत्तात तशी 'असहमती' नोंदवली जाते. ही नोंद फार मोलाची. ती झाल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही, म्हणून 'विषय विचाराधीन आहे' असं लिहून तो लटकत ठेवणं शासकीय बाजूला सोपं जातं. नोंद झाली की कोणतीही एक बाजू लवाद मागू शकते. मंडळ तिघांचं: दोन्ही बाजूंच्या यादीतून एकेक सदस्य आणि एक तटस्थ अध्यक्ष. निवाडा सरकारवर बंधनकारक असतो, पण संसदेचा अधिकार त्याच्या वर ठेवला आहे. सरकारला निवाडा नको असेल तर त्याने संसदेसमोर जाऊन कारणं द्यायची. म्हणजे हात वर करण्याचा प्रश्न येत नाही. लोकप्रतिनिधी उघडपणे 'नाही' म्हणू शकतात.

आता कुठे अडतं ते. सक्तीचा लवाद तीनच विषयांना लागू आहे: वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा. तेही एखाद्या वर्गाचे किंवा श्रेणीचे. एकट्या कर्मचाऱ्याची तक्रार चालत नाही. आयोगाच्या शिफारशीनुसार सरकारने ठरवलेल्या गोष्टींवर पाच वर्षं लवाद मागता येत नाही, म्हणजे वेतन आयोगानंतर सगळ्यात जास्त भांडणं होतात नेमका तोच काळ बाहेर. आणि पेन्शन त्या तीन विषयांत नाही. दप्तरी ज्या संपापासून सुरुवात करतात तो प्रश्न जेसीएमसारखी यंत्रणा इथे असती तरी लवादाकडे गेला नसता.

तरी टेबल असण्याचा उपयोग होतो. राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, म्हणजे केंद्रातल्या अंशदान योजनेचा, फेरविचार करणाऱ्या सोमनाथन समितीने जेसीएमच्या कर्मचारी बाजूशी चर्चा केली. त्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला: २५ वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी हमी, अंशदान कर्मचाऱ्याचं १० टक्के आणि सरकारचं १८.५ टक्के. सगळ्यांचं समाधान झालं नाही, पण मधली वाट निघाली.

दप्तरींना एक प्रश्न. तुमच्या टेबलावर बसणार कोण? केंद्रात मान्यतेसाठी त्या प्रवर्गातले किमान ३५ टक्के सदस्य लागतात, दुसऱ्या संघटनेला १५ टक्के, आणि मोजणी पगारातून होणाऱ्या वर्गणी कपातीवरून होते. रेल्वेत २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये गुप्त मतदान झालं. मला मतदानाचा मार्ग बरा वाटतो. कपातीच्या यादीत नाव एकदा आलं की ते काढायचं अनेकांच्या मनातही येत नाही.

मीनाक्षी

कायदा केला की प्रश्न मिटला असं इथे गृहीत धरलं जातंय, म्हणून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं उदाहरण देते. स्थानिक सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क कायद्याने देणारं ते पहिलं राज्य, १९५९ मध्ये. आणि २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी 'अॅक्ट १०' आणून तो जवळजवळ रिकामा केला, तोही थेट बंदी न घालता. फक्त मूळ वेतनावर बोलायचं, तीही वाढ महागाई निर्देशांकापुरती; जास्त हवी असेल तर सार्वमत. करार एक वर्षाचा. पगारातून वर्गणीची कपात बंद. दर वर्षी मान्यतेसाठी पुन्हा मतदान, आणि त्यात मतदान करणाऱ्यांच्या नव्हे तर गटातल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मतं हवीत. घरी बसलेला प्रत्येक जण विरोधात मोजला जातो. विरोधी पक्षाचे १४ सिनेटर गणपूर्ती रोखायला शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन बसले, विधानभवनात आठवडे निदर्शनं चालली, तरी कायदा झाला. पुढच्या वर्षी वॉकर यांना परत बोलावण्याचं मतदान झालं, तेही त्यांनी जिंकलं.

२०११ मध्येच ओहायो या दुसऱ्या राज्यात असाच कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी तो सार्वमतात फेटाळला. एक मोठा फरक होता. ओहायोने पोलीस आणि अग्निशमन दलालाही कायद्यात ओढलं होतं. विस्कॉन्सिनने त्यांना वगळलं. ज्यांना लोकांची सहानुभूती जास्त त्यांना बाजूला काढलं की उरलेल्या शिक्षक-कारकुनांसाठी रस्त्यावर येणारे कमी होतात. डिसेंबर २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका न्यायाधीशांनी कर्मचाऱ्यांची ही विभागणी घटनाबाह्य ठरवून कायद्याचा बराच भाग रद्द केला आणि प्रकरण अपिलात गेलं.

म्हणून दप्तरी, 'अत्यावश्यक' सेवांची तुमची यादी मूळ कायद्यातच आणि छोटी ठेवा. अधिसूचना काढून वाढवता येणारी यादी म्हणजे मेस्माच झाला.

रोखपाल

जेसीएममधला संसदेच्या अधिकाराचा भाग मला मान्य करण्यासारखा वाटतो. राज्यात विधिमंडळाला तसा अधिकार राहणार असेल तर लवादाला माझा सरसकट विरोध नाही. पण दोन अटी हव्यात.

पहिली, लवादाच्या पद्धतीबद्दल. एकाने १० मागितले, दुसऱ्याने २ देऊ केले आणि लवादाने ६ दिले, असे दोन-तीनदा झाले की दोन्ही बाजू शिकतात. पुढच्या वेळी मागणी २० वर जाते आणि देकार शून्यावर येतो, चर्चा फक्त लवादाकडे जाण्यापुरती उरते. यावर बाहेर वापरला जाणारा उपाय असा की लवादाने मधला आकडा काढायचाच नाही. दोघांच्या अंतिम प्रस्तावांपैकी एक जसाच्या तसा निवडायचा. मग अवास्तव मागणारा हरतो, आणि त्या भीतीने बरेच वाद आधीच मिटतात.

दुसरी, कोणताही करार सहीपूर्वी किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, पुढच्या तीस वर्षांच्या बोज्याच्या विमागणिती अंदाजासह. फक्त चालू वर्षाचा आकडा चालणार नाही.

पेन्शन मात्र लवादाबाहेरच ठेवावी. तिथे मी हलणार नाही.

अनामिका

सगळी चर्चा कायम कर्मचाऱ्यांची चालली आहे. त्याच कार्यालयात शेजारच्या खुर्चीत बसून तेच काम करणारा कंत्राटी माणूस कोणत्या टेबलावर बसणार? त्याचा मालक कागदावर एजन्सी, हुकूम देणारा विभाग. कायम पदाची वाटाघाट जितकी पक्की होईल तितकं पद रिकामं ठेवून बाह्यस्रोतातून भरण्याकडे विभागाचा कल वाढेल. 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत तो आला नाही तर हा कायदा त्याच्या विरोधातच जाईल.

दप्तरी

अनामिका, मान्य. व्याख्येत 'ज्याच्या कामावर विभागाचं प्रत्यक्ष नियंत्रण आहे तो' असं असलं पाहिजे आणि वाटाघाटीत विभागानेच बसलं पाहिजे, एजन्सीने नाही.

रोखपाल, एसटीचं तुम्ही अर्धं सांगितलंत. जून २०१८ मध्ये परिवहन मंत्र्यांनी ४८४९ कोटींची वाढ परस्पर जाहीर केली. ज्या संघटनेशी सही व्हायची ती वृत्तवाहिन्यांवर आकडा ऐकत होती, आणि आठवडाभरात कामगार अघोषित संपावर गेले. नोव्हेंबर २०२१ मध्येही तेच: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना मूळ वेतनात ५०००, दहा ते वीस वर्षांना ४०००, वीस वर्षांवरच्यांना २५००. वाढ चांगली होती, तरी संप मिटला नाही, कारण तोवर कामगारांचा मान्यताप्राप्त संघटनेवरचा विश्वास उडाला होता. तो उडण्यात परस्पर घोषणांचा वाटा मोठा होता. म्हणून मला कायद्यात हेही हवं आहे की चर्चा चालू असताना सरकारने वेतनविषयक एकतर्फी घोषणा करू नये.

तुमची अंतिम प्रस्तावाची अट मी घेतो, तीस दिवसांचीही. पेन्शनवर माझा प्रतिप्रस्ताव: रक्कम लवादाबाहेर राहू दे, पण सेवेत असलेल्याच्या योजनेत बदल करायचा असेल तर आधी सहा महिन्यांची नोटीस आणि चर्चा सक्तीची.

आणि सह्यवारा, गुप्त मतदान हवंच, संपासाठीसुद्धा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेला संपाच्या नोटिशीआधी सदस्यांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो आणि नोटिशीनंतर १४ दिवस थांबावं लागतं. सरकारी संघटनांनी हे स्वतःहून स्वीकारावं. किती जणांनी मत दिलं आणि किती जण संपाच्या बाजूने होते, हे दोन्ही आकडे नोटिशीवरच छापावेत.