मदत हवी आहे: यूएसबी डबा गेला, ४ टीबी डिस्कवरचं पार्टिशन दिसत नाही. पेज साइझचा संबंध असेल का?

माळव्यातला_टक्स

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या मंडळाकडे ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क आहे. जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग, स्मरणिकांचे स्कॅन, सगळं तिच्यावर. ती एका यूएसबी डब्यात असायची आणि जुन्या डेस्कटॉपला जोडलेली. डब्यातला बोर्ड गेला, म्हणून डिस्क बाहेर काढली, जेल रोडवरून साटा-यूएसबी केबल आणली (१२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट) आणि नव्या रास्पबेरी पाय ५ ला (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) लावली.

डिस्क फिरते, स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतः दिलेला तब्येतीचा अहवाल) स्वच्छ. पण एलएसबीएलकेमध्ये (डिस्क आणि त्यांचे भाग, म्हणजे पार्टिशन, दाखवणारी आज्ञा) एकही पार्टिशन नाही. एफडिस्क (पार्टिशनचं टेबल वाचणारा प्रोग्राम) म्हणतो डॉस टेबल (म्हणजे जुन्या एमबीआर पद्धतीचं), त्यात 'ईई' प्रकारचं एकच पार्टिशन, ४६५.८ जीबीचं! बाकीची डिस्क गेली कुठे?

माझा संशय असा: पायचा कर्नल (लिनक्सचा गाभा) १६ केबीच्या पेजवर (मेमरीचे तुकडे) चालतो (गेटकॉन्फ १६३८४ दाखवतो), डेस्कटॉपचा ४०९६ वर. डिस्कचा फिजिकल सेक्टरही (डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा) ४०९६ बाइटचा. आधी दोन्ही जुळत होते, आता जुळत नाहीत, म्हणून हा घोळ? पायवर ४ केबी पेजचा कर्नल टाकू का? फाइल सिस्टिम ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची) आहे. बॅकअप अर्धामुर्धाच आहे, म्हणून हात लावायला धजत नाही.

लष्करवाला_ग्वाल्हेर

हात लावला नाहीत ते उत्तम. विंडोजला तर मुळीच जोडू नका, 'इनिशियलाइज करू का' विचारेल आणि कोणीतरी हो म्हणेल.

पेज निर्दोष आहे. पेज म्हणजे कर्नल रॅमची वाटणी ज्या तुकड्यांत करतो ते. पार्टिशन टेबल वाचताना कामाला येतो तो लॉजिकल सेक्टर, आणि तो डिस्क किंवा मधला यूएसबी ब्रिज (डब्यातली किंवा केबलमधली साटा-यूएसबी चिप) सांगेल तो. खात्री हवी असेल तर हीच केबल जुन्या डेस्कटॉपला लावून बघा. आणि सिसएफएसमधल्या (कर्नल हार्डवेअरची माहिती जिथे दाखवतो ती जागा) क्यू फोल्डरमधला लॉजिकल_ब्लॉक_साइझ काय म्हणतो तेही सांगा.

माळव्यातला_टक्स

डेस्कटॉपवरही तेच, ४६५.८! लॉजिकल ५१२, फिजिकल ४०९६.

लष्करवाला_ग्वाल्हेर

मग झालं तर. ४६५.८ ला ८ ने गुणा, सुमारे ३७२६ येतात; एफडिस्कचा जीबी १०२४ च्या हिशोबाचा, म्हणून हेच डिस्कवर लिहिलेले ४ टीबी. तुमचा जुना डबा ५१२ ची डिस्क ४०९६ ची म्हणून सांगत होता. २ टीबीच्या वरच्या डिस्क जुन्या एमबीआरवाल्या विंडोजला दिसाव्यात म्हणून बरेच डबे ही चलाखी करत. जीपीटीचं (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) हेडर सेक्टर १ मध्ये असतं. डब्याच्या हिशोबाने ते ४०९६ व्या बाइटवर लिहिलं गेलं, नवी केबल ते ५१२ व्या बाइटवर शोधते. सेक्टर ० दोघांनाही एकाच जागी सापडतो, म्हणून तेवढा संरक्षक 'ईई' (जुन्या प्रोग्रामना डिस्क रिकामी वाटू नये म्हणून जीपीटीसोबत ठेवलेली नोंद) दिसला, पण त्याची लांबी आठपट कमी मोजली गेली. डेटा जागच्या जागी आहे.

गंमत म्हणजे कर्नल आतून सगळं ५१२ मध्येच मोजतो, डिस्क ४०९६ ची असली तरी. सिसएफएसमधला साइझचा आकडाही त्याच मापात असतो.

आता उपाय. लोसेटअपला (लूप डिव्हाइस, म्हणजे आभासी डिस्क, बनवणारी आज्ञा) अख्खी डिस्क द्या. रीड-ओन्ली, पार्टस्कॅन आणि सेक्टर-साइझ ४०९६ हे पर्याय लावा. कर्नल ४.१४ पासून हे चालतं. लूप डिव्हाइसखाली पार्टिशन दिसेल, ते रीड-ओन्ली माउंट करा (फक्त वाचण्यासाठी जोडा). डबा मध्येच मेला असल्यामुळे जर्नल (फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही) अर्धवट असेल आणि माउंट अडेल; तेव्हा नोलोड (जर्नल बाजूला ठेवून माउंट) पर्याय द्या.

दांडिया_बाजार_बडोदे

एक पुरवणी. पेज साइझ आडवी येते ती दुसरीकडे. ४ केबीच्या कर्नलवर केलेलं स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) १६ केबीच्या कर्नलवर स्वॅपऑन नाकारतो, ते परत बनवावं लागतं. आणि फाइल सिस्टिमचा ब्लॉक पेजपेक्षा मोठा असेल तर माउंटच होत नसे. एक्सएफएसला (आणखी एक फाइल सिस्टिम) ती सूट कर्नल ६.१२ मध्ये मिळाली. तुमचा ब्लॉक बहुधा ४ केबीचा, म्हणजे पेजपेक्षा लहान, त्याला १६ केबीच्या पेजवर काही अडचण नाही.

माळव्यातला_टक्स

दिसलं! नोलोड लागलंच. सगळे फोल्डर आहेत, कॉपी चालू केली आहे. कॉपी झाल्यावर याच डिस्कवर जीपीटी नव्याने लिहिली तर? टेबलात पार्टिशनची सुरुवात सेक्टर २५६ आहे.

लष्करवाला_ग्वाल्हेर

२५६ ला ८ ने गुणून २०४८, शेवटच्या सेक्टरमध्ये १ मिळवून, ८ ने गुणून, १ वजा. हिशोब बसतो. पण कॉपी उघडून तपासल्याशिवाय नको. आणि खरं सांगू का भिया, डिस्क रिकामी होणारच आहे तर सरळ नव्याने फॉरमॅट करा.